तुषार लेमनवाल्या इंदूअक्का

मंडळी, जरा दम घेऊन बोलतो. माईकपुढं उभं राहायची मला सवय नाही. 

अण्णा, सतीश, सूनबाई, कारखान्यातले सगळे जण, माधवनगरची मंडळी, सांगली-मिरजेहून आलेले दुकानदार. एवढी माणसं आली. बाहेर चपलांजवळसुद्धा माणसं उभी आहेत. अक्का असत्या तर आधी ओरडल्या असत्या, "आरं, एवढ्या लोकांना पाणी दिलं का कुणी?"

मी साताऱ्याचा जगन्नाथ. साताऱ्यात माझा सोडा-लेमनचा कारखाना होता. होता म्हणतोय, तुम्ही ओळखलं असेल. मी काही इंदूअक्कांचा नातेवाईक नव्हे. मी त्यांचा धंद्यातला शत्रू. परवा सतीशचा फोन आला. म्हणाला, "काका, तुम्ही बोला. आम्हाला घरातली आई ठाऊक आहे. बाजारातली आई तुम्हाला ठाऊक आहे." मी हो म्हटलं. आता वाटतंय, नाही म्हणायला हवं होतं.

इथं तरुण मंडळी बसलीत, त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो. अक्कांचे यजमान, आपले अण्णा, इथल्या गिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडली. अण्णा घरी बसले. अख्खी चाळच घरी बसली. त्या वेळी अक्कांनी कुठून तरी हातानं फिरवायचं गोळी सोड्याचं जुनं मशीन आणलं आणि मागच्या पडवीत बसवलं. अण्णा चाक फिरवायचे, अक्का बाटल्या धुवायच्या. पहिलं गिऱ्हाईक कोण? चाळीतलीच माणसं. त्यांनाही काम नव्हतं. ती म्हणायची, "वहिनी, एक फोडा. पैशाचं बघू." आणि अक्का फोडायच्या. सोड्याची बाटली फोडली की गल्लीत फट्‌ असा आवाज व्हायचा, आणि लोकांना वाटायचं, चला, माधवनगरात काही तरी चालू आहे.

पडवीतून शेड झाली. बुचं बसवायचं मशीन आलं. तुषार लेमन आलं, तुषार ऑरेंज आलं, तुषार जिरा आला. जिरं अक्का स्वतः भाजायच्या. शेवटपर्यंत ते काम त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही.

आमची गाठ पडली कराडला. माझा माल साताऱ्याकडून खाली यायचा, त्यांचा सांगलीकडून वर. मध्ये कराड. कराडच्या एसटी स्टँडवर महादू म्हणून एकाचा थंड पेयांचा गाडा होता. बर्फाच्या पाण्याची टाकी, त्यात बुडवलेल्या बाटल्या. माझ्या माणसानं येऊन सांगितलं, "शेठ, महादूनं आपल्या बाटल्या खाली दडपल्यात आणि वर सगळं तुषार लावलंय." माझं डोकं फिरलं. एसटीनं तडक कराड गाठलं. बघतो तर गाड्याजवळ इरकली लुगडं नेसलेली एक बाई, कमरेवर क्रेट घेऊन उभी.

मी म्हणालो, "तुषारवाले कुठं हायत?"

"वाले न्हाईत. वाली हाय. बोला."

"ह्यो गाडा आमचा हाय, बाई. लय वर्सांचा."

"गाडा महादूचा हाय," त्या म्हणाल्या. "तुमचा न्हाई आन माजा बी न्हाई. उन्हातनं आलाय, आधी बसा."

मग त्यांनी दोन बाटल्या फोडल्या. त्यांची माझ्या हातात दिली. माझी स्वतः घेतली. घोट घोट करत पुरी संपवली. मी वाट बघतोय, आता नावं ठेवतील. तर म्हणाल्या, "गॅस लय झ्याक बसलाय तुमचा. आमच्यापेक्षा चांगला. पण पाक करपलाय. ढवळताना कुणाचं ध्यान न्हाई."

मंडळी, मी त्यांचं लेमन प्यायलो आणि मीही बाटली पुरी संपवली. कारण ते माझ्यापेक्षा चांगलं होतं. साताऱ्याला आलो, भट्टीवरचा माणूस बदलला. पुढं थोड्या दिवसांनी अक्कांचा निरोप आला, तुम्ही गॅस कसा भरता ते दाखवाल का? मी माझा माणूस इथं माधवनगरला पाठवला.

आमचं शत्रुत्व हे असं होतं. त्या चांगलं करायच्या म्हणून मला चांगलं करावं लागायचं. मी चांगलं केलं की त्या आणखी चांगलं करायच्या. वर्षानुवर्षं हे चाललं. त्यात कराडचं गिऱ्हाईक मजेत होतं, महादू मजेत होता, आणि खरं सांगतो, आम्ही दोघंही मजेत होतो.

मग ती मोठी कंपनी आली.

नाव घेत नाही. बाहेर पानपट्टीवर पाटी आहे, हॉलसमोरच्या भिंतीवर रंगवलेलं आहे, घरी गेल्यावर टीव्ही लावा, तिथंही आहे. आधी टीव्हीवरच आली. माल नंतर आला. पोरं दुकानात जाऊन ज्याची बाटली अजून आलीच नव्हती ते मागायला लागली. मला तेव्हाच अक्का म्हणाल्या होत्या, "जगन्नाथ, न चाखता मागायला लागलेत रं. आता चव चांगली करून काय उपयोग?"

मी हसलो होतो. मी म्हणालो, "अक्का, नव्याची हौस आहे. उतरेल."

मग आले फ्रीज. लाल, काचेच्या दाराचे, आत दिवा. दुकानदाराला फुकट. एकच अट, आत दुसऱ्या कुणाची बाटली ठेवायची नाही. आता मला सांगा, इथं बसलेल्या दुकानदारांनो, तुम्हाला मी दोष देत नाही. शपथेवर सांगतो, देत नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही दार उघडून फ्रीज आत घेतला असता. दुकानाला शोभा येते, गिऱ्हाईक थांबतं. कोण नाही म्हणेल?

महादूनं गाडा मोडून स्टँडवर छोटा स्टॉल घेतला होता. त्याच्याकडंही फ्रीज आला. अक्का त्याला भेटायला गेल्या तेव्हा मी बरोबर होतो. महादू बिचारा नजर वर करेना.

"आवं अक्का, तुमची बाटली नगं असं म्हनतच न्हाई मी. पर ठिवू कुटं? टाकी काढून टाकली. गरम लेमन कोन पितंय?"

अक्कांनी त्याच्या पोरीच्या लग्नाचं विचारलं, चहा घेतला, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "मालाची लढाई न्हाई ही. ही जागेची लढाई हाय. गारव्याची जागा त्येंची. आपल्याला आपला गारवा पायजे."

आणि मंडळी, त्यांनी तो केला. मिरजेच्या एका सुताराकडून लाकडी पेट्या करून घेतल्या. आतून पत्रा, मधे भुसा, वर घट्ट झाकण. बर्फ कारखान्याशी बोलणं केलं. रोज सकाळी टेम्पो निघायचा. पेटी अक्कांची, बर्फ अक्कांचा, दुकानदारानं फक्त दारात जागा द्यायची. आणि अट? काही नाही. "पेटीत तुला हवं ते ठेव," म्हणायच्या. "माझं ठेव, जगन्नाथचं ठेव, घरचं दूध ठेव."

त्या उन्हाळ्यात लोडशेडिंग असं होतं की दुपारची लाईट म्हणजे नशीब. लाईट गेली की लाल फ्रीज कोमट. अक्कांची पेटी गारच. तो उन्हाळा आमचा होता! साताऱ्यात मीही तशा पेट्या केल्या. अक्कांनी सुताराचं माप पाठवून दिलं. मला वाटलं, जमलं. बारक्या माणसाला अक्कल असली की जमतं. मी तसं बोलूनसुद्धा दाखवलं. अक्का फक्त म्हणाल्या, "पावसाळा येऊ दे, लाईट येऊ दे, मग बोल."

पावसाळा आला, गेला. पुढच्या वर्षी कंपनीनं क्रेटवर क्रेट फुकट द्यायला सुरुवात केली. तोटा सोसून विकायला लागले. कितीही दिवस सोसू शकत होते. आम्ही किती दिवस सोसणार? आणि त्याच वर्षी आमच्या रिकाम्या बाटल्या परत येईनाशा झाल्या.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांना सांगतो. सोडावाल्याचं खरं भांडवल आतलं पाणी नव्हे, बाहेरची काच. बाटली जाते, रिकामी होते, परत येते, धुतली जाते, पुन्हा भरते. ती परत आली नाही तर धंदा संपला. दुकानदार म्हणायचे, "अक्का, रिकाम्या बाटल्या कुणीतरी उचलून नेल्या. मोठ्या क्रेटबरोबर गेल्या वाटतं." कुणी नेल्या, कुणाच्या सांगण्यावरून नेल्या, मुद्दाम का चुकून, मी कुणावर आळ घेत नाही. मी पाहिलं तेवढंच सांगतो.

मालन इथं बसली आहे. मालन, तू होतीस ना त्या दिवशी? मालन पहिल्यापासून कारखान्यात बाटल्या धुवायला होती. तिला कुणीतरी सांगितलं, मिरजेच्या भंगारवाल्याकडं तुषारच्या बाटल्या पडल्यात. अक्का, मालन आणि मी, आम्ही तिघं गेलो. भंगारवाल्याच्या वाड्यामागं काचेचा ढीग होता. उन्हात चमकत होता. निम्म्या फुटलेल्या, निम्म्या धड. प्रत्येक बाटलीवर गळ्याशी उठावात "तुषार".

अक्का खाली बसल्या. लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि धड बाटल्या बाजूला काढायला लागल्या. भंगारवाला म्हणाला, "आवं बाई, हात कापंल."

"माज्या हायत," अक्का म्हणाल्या.

"असतील. पण मी इकत घेतल्यात."

भांडल्या नाहीत. स्वतःच्या बाटल्या त्यांनी स्वतः विकत घेतल्या. टेम्पोत भरताना मालन रडत होती. अक्का तिला म्हणाल्या, "रडू नगं. घरी न्हेऊन धू. चांगल्या दोन पाण्यानं धू."

सांगा मंडळी, यात अक्कांचं काय चुकलं? चव त्यांची चांगली होती. सेवा त्यांची चांगली होती. लोक त्यांना आपलं मानत होते. अक्कल त्यांच्याकडं होती, कष्ट होते. पुस्तकात आणखी काय लिहिलेलं असतं?

एकी. एकी लिहिलेली असते. तेही त्यांनी करून बघितलं.

अक्का एसटीनं फिरल्या. इस्लामपूर, कराड, वाई, विटा, जत. जिथं जिथं लहान सोडावाला होता तिथं गेल्या. कराडला सगळ्यांना एकत्र बोलावलं. एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत बैठक झाली. अक्का उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भावांनो, सगळ्यांची बाटली एक करू. काचेवर नावच नगं. वर कागद चिकटवू, ज्याचा त्याचा. मग कुणाची बाटली कुठंबी परत येऊ दे, कुणीबी भरू दे. क्रेट एक, टेम्पो एक, पेट्या एक. कंपनी एक हाय, आपण बी एक होऊ."

मंडळी, मी आयुष्यात एवढी शहाणी गोष्ट दुसरी ऐकलेली नाही.

पण मग सुरू झालं. एक म्हणाला, बाटली माझ्या मापाची घ्या. दुसरा म्हणाला, माझं नाव आमच्या तालुक्यात चालतं, मी ते काचेवरून का काढू? तिसरा म्हणाला, टेम्पो कुणाच्या दारात उभा राहणार? चौथ्याला संशय, हा सगळा सांगलीवाल्यांचा डाव. जेवणं झाली, तरी तेच. शेवटी अक्का म्हणाल्या, "आधी माजं नाव काढा. माज्या बाटलीवरनं आधी काढा. मग तुमचं."

 मग एकेक जण एसटीची वेळ झाली म्हणून उठला. मागं राहिलो मी, जतचा एक जण, आणि वाईचे एक म्हातारे गृहस्थ.

आम्ही चौघांनी ते केलं. बिननावाची बाटली केली. आणि कंपनी जिकडं फिरकत नव्हती तिकडं गेलो. पूर्वेला, दुष्काळी भागात. जतच्या, आटपाडीच्या, कवठेमहांकाळच्या बाजूला. तिथं फ्रीज नव्हते, कारण वीजच नव्हती. अक्का त्या वयात टेम्पोत पुढं बसून आठवड्याच्या बाजारांना जायच्या. मेंढ्यांच्या बाजारात धनगर मंडळी पेटीभोवती गोळा व्हायची. एकदा एक म्हातारा धनगर तुषार जिरा प्यायला आणि अक्कांना म्हणाला, "आक्का, ह्ये तर आमच्या म्हातारीच्या हातचं ताक प्याल्यागत लागतंय गं." अक्का ते मला परत परत सांगायच्या. कुणी शाल-श्रीफळ दिलं असतं तर एवढ्या खूश झाल्या नसत्या.

दोन उन्हाळे आम्ही तिकडं जगलो. खरंच जगलो. मला वाटलं, मोठ्याला जिथं पोचता येत नाही तिथं लहानाचं राज्य असतं.

पण मोठा तिथंही पोचतो, मंडळी. थोडा उशिरा पोचतो, एवढंच. वर्ल्ड कपच्या वेळी गावोगाव बॅटरीवर टीव्ही लागले. पुढच्या बाजाराला अक्का गेल्या तर एक छोटी मुलगी आजोबांचा हात ओढत होती. "ह्ये नगं. टीव्हीतलं पायजे." आजोबा म्हणाले, "अगं, हेच गोड हाय." ती ऐकेना. रडायला लागली. अक्कांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि झाकण लावलं. त्यानंतर महिन्याभरात त्या बाजारात कंपनीचा छोटा टेम्पो उभा राहिला. बर्फाच्या पेट्या घेऊन. आमच्यासारख्याच पेट्या. फक्त रंग लाल.

आता एक गोष्ट सांगतो, जी फार कुणाला माहीत नाही. साताऱ्यात माझ्या पुतणीचं लग्न होतं. अक्का आल्या होत्या. व्याह्यांकडच्या लोकांनी पाहुण्यांसाठी कंपनीच्या बाटल्या मागवल्या होत्या. मला लाजेनं तोंड दाखवायला जागा राहिली नाही. वाढप्यानं अक्कांपुढं बाटली ठेवली. मी धावत गेलो, म्हटलं, "अक्का, उचलायला सांगतो."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मी अजून चाखलीच न्हाई."

त्यांनी ती बाटली प्यायली. कराडला माझी प्यायल्या होत्या तशीच. घोट घोट. मी विचारलं, "कसं आहे?"

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पाणी स्वच्छ, गॅस बरोबर, साखर बरोबर. नाव ठेवायला जागा न्हाई." त्यांनी रिकामी बाटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "वाईट असतं तर बरं झालं असतं रं. मला वाटायचं, वाईट असंल. एक दिवस लोकांना कळंल."

मला वाटतं, अक्का त्या दिवशी हरल्या. बाजारात आधीच हरलो होतो. मनातून त्या दिवशी हरल्या.

त्यानंतर कंपनीचा साहेब माधवनगरला आला. चांगला मुलगा होता, हेही सांगतो. नम्र. अक्कांच्या पाया पडला. म्हणाला, "तुमच्याकडं शेड आहे, माणसं आहेत, दुकानदारांची ओळख आहे. आमचा माल इथून वाटू या." सतीशचं मत होतं, घ्यावं. अक्का नको म्हणत होत्या. अक्कांच्या घरात त्यावरून जेवणाची ताटं बाजूला सरली, मला ठाऊक आहे. सतीश, मान खाली घालू नकोस बाबा. तू आईला म्हणालास, "आपण बुडायचं तर बुडू, पण माणसं का बुडवायची?" तू बरोबर होतास. आणि अक्कांनी ते ऐकलं ते तुझ्यासाठी नव्हे, मालनसाठी, कारखान्यातल्या दगडूसाठी, या मागच्या रांगेतल्या सगळ्यांसाठी. त्यांनी साहेबाला एकच गोष्ट विचारली, "माझी माणसं ठेवशील?" तो म्हणाला, "शब्द देतो." आणि त्यानं मनापासून दिला होता.

मशीन बंद झालं. शेडमध्ये लाल क्रेट लागले. जिरं भाजणं थांबलं.

वर्षभरात त्या साहेबाची बदली झाली. नवा आला. त्याला आधीचा शब्द ठाऊक नव्हता. माणसं जास्त आहेत, म्हणाला. आधी मालन गेली, मग दगडू, मग बाकीचे. अक्का सांगलीच्या ऑफिसात गेल्या. तिथं म्हणाले, हे पुण्याहून ठरतं. पुण्याला फोन लावला. तिथं म्हणाले, हे मुंबईहून ठरतं. मुंबईत कुणाला विचारायचं?

त्या वेळी त्यांनी मला जे विचारलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाल्या, "जगन्नाथ, तुझ्याशी भांडायला मी कराडला यायची. तू समोर असायचास. चिडायचास, हसायचास. आता ह्येंच्याशी भांडायला मी कुठल्या स्टँडवर जाऊ?"

 

मिरजेच्या दवाखान्यात मी त्यांना शेवटचं भेटलो. अण्णा कॉटशेजारी बसले होते, त्यांचा हात धरून. मला बघून अक्का म्हणाल्या, "बस. काय करतोस आताशा?"

"काही नाही. कारखाना बंदच आहे. शेड भाड्यानं दिली."

"ते न्हाई विचारलं. सकाळी उठून काय करतोस?"

मी म्हणालो, "पहाटे जाग येते. बॉयलर पेटवायच्या वेळेला. मग उठून बसतो."

"आन मग?"

"मग काही नाही, अक्का. बसून राहतो."

त्या म्हणाल्या, "मी बी." आणि हसल्या. मीही हसलो. अण्णा हसले नाहीत.  नर्स आली, वेळ संपली म्हणाली. मी उठलो तेव्हा अक्का म्हणाल्या, "आपण आळस केला म्हणून हरलो, असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नगंस."

म्हणून आज इथं उभा आहे. तेवढं एक वाक्य बोलायला. अक्का आळसानं हरल्या नाहीत. जुन्या विचारांमुळं हरल्या नाहीत. माल वाईट म्हणून हरल्या नाहीत. लहान माणसानं जे जे करायचं असतं ते सगळं त्यांनी केलं, आमच्या सगळ्यांच्या आधी केलं, आणि सगळं करूनही हरल्या. हे असंही होतं, मंडळी. हे कुणी सांगत नाही.

आत येताना मला एक कार्यकर्ते म्हणाले, "शेवटी काहीतरी आशेचं बोला. त्यांचं कार्य पुढं चालू राहील असं म्हणा." क्षमा करा, मी ते म्हणणार नाही. त्यांचं काम पुढं चालणार नाही. ते मशीन भंगारात गेलं. आम्हा चौघांतले वाईचे गृहस्थ गेले, मी थांबलो, आता अक्का गेल्या. जतचा एकटा अजून एका बाजारात बिननावाच्या बाटल्या घेऊन बसतो. या उन्हाळ्यात बसेल. पुढच्या उन्हाळ्याचं त्यालाही माहीत नाही. उद्या एखादी मुलगी, एखादा मुलगा लहानसा धंदा काढेल आणि मला विचारेल, काका, मोठ्यापुढं कसं टिकायचं? मी काय सांगू? मला ठाऊक असतं तर मी अक्कांना नसतं का सांगितलं?

एवढंच सांगेन की एके काळी या गावात गिरणी बंद पडल्यावर एका बाईनं पडवीत मशीन बसवलं. तिच्या शेडमध्ये माणसांना काम होतं. उन्हातून आलेल्या माणसाला ती आधी बस म्हणायची. हे पुढं चालणार नाही. पण हे घडलं होतं. आम्ही बघितलं होतं.

अण्णा, तुमच्यासमोर हात जोडतो.

मंडळी, आता अक्कांसाठी दोन मिनिटं उभे राहू या. काही मागू नका, काही ठरवू नका. मालन, दगडू, तुम्ही मागं का? पुढं या. अक्कांच्या घरच्यांशेजारी उभे राहा. जागा करा रं त्यांना.

हं. आता कुणी बोलू नका.